समोरच्या ओट्यावरचा पहारेकरी

डोळ्याच्या ऑपरेशननंतर हनुमंतरावांना दोन गोष्टींची मनाई होती. वाकायचं नाही आणि रडायचं नाही. वाकायची त्यांच्या घराण्यात पद्धतच नव्हती, आणि रडायला निदान समोर कुणीतरी लागतं. तेव्हा पथ्य काही जड गेलं नाही.

हिरवी पट्टी निघाली, काळा चष्मा आला. एक डोळा घासलेल्या भांड्यासारखा लख्ख झाला होता, दुसऱ्याची पाळी अजून यायची होती, आणि दोघांचं आपसात मुळीच जमत नव्हतं. माणूस दिसे, पण त्याच्या हातातला पेपर मुंग्यांनी भरलेला दिसे. पेपर नाही म्हणजे सकाळ संपेना, आणि सकाळ संपेना म्हणजे दुपार येईना, असं चाललं होतं.

घरात ते एकटे. बायको महालक्ष्मी जाऊन चार वर्षं होत आली. मुलगी नित्या मेलबर्नला. ती रोज फोन करून विचारी, "अप्पा, ड्रॉप्स घातले?" हनुमंतराव मराठीत उत्तर देत, ती तमिळमध्ये पुढचं विचारी आणि मागून नातू इंग्रजीत काहीतरी ओरडे. तीन भाषांचं हे संमेलन मिनिटाभरात आटोपे. अध्यक्षीय भाषण होतच नसे.

कुंभकोणमात मराठी ही घराबाहेर न्यायची वस्तू नव्हे. भाजी, बँक, डॉक्टर, भांडण, सगळं तमिळमध्ये. चपला काढाव्यात तशी तमिळ उंबऱ्याबाहेर काढायची आणि आत येऊन मराठी बोलायची, ही तंजावरच्या मराठी राजांबरोबर इकडे आलेल्या घरांची पिढ्यानपिढ्यांची रीत. ती मराठीही कशी, तर जुन्या पेटीतल्या शालूसारखी. पुण्याचा एखादा पाहुणा यायचा, दोन वाक्यं ऐकायचा आणि बखर बोलू लागल्यासारखा दचकून बघायचा. हनुमंतराव अजूनही तमिळ बाहेर काढून आत येत. आत आल्यावर मात्र घालायला काही नसे.

शिंपी मंडळींच्या विठोबाच्या भजनात शनिवारी मराठी ऐकू येई, नाही असं नाही. पण ती देवाशी बोलायची मराठी. आज सांबारात मीठ जास्त झालं, हे काही टाळ वाजवून सांगता येत नाही.

तसं रोजच्या वापराची मराठी बोलणारं आणखी एक माणूस त्या गल्लीत होतं. अगदी समोरच्या घरात. आणि त्याच्याशी हनुमंतराव बोलत नव्हते.

हे कृष्णमूर्तिराव. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, सडपातळ, बायको गेलेली, मुलगा कोइंबतूरला. लहानपणी दोघं एकाच पाटीवर लिहायला शिकले आणि त्या पाटीवरूनही भांडले. दोघांचे पूर्वज तंजावरच्या दरबारी चाकरीला. हनुमंतरावांचे हत्तींच्या वैरणीवर, कृष्णमूर्तिरावांचे मुदपाकखान्यातल्या तुपावर. तलवार दोन्ही घराण्यांत कुणी उपसली नव्हती, पण मानाचा प्रश्न निघाला की दोन्हीकडे म्यानं खडखडत. वैरण थोर की तूप थोर, याचा निवाडा फार पूर्वी कुणीतरी करून ठेवला होता: आपल्या मंडळींत लग्न लागलं की भरल्या मांडवातला पहिला विडा वैरणीच्या घराला. तूप कमी पडलं तर जेवणारे कुरकुरतात, वैरण कमी पडली तर हत्ती मांडव पाडतो, असा त्यामागचा विचार असावा.

महालक्ष्मी असतानाची गोष्ट. मंडळींतल्याच शिवप्रसादच्या मुलीचं लग्न होतं. मंगळसूत्र बांधून झालं, आणि नेमकं तेव्हा कुणीतरी सांगत आलं की हनुमंतरावांची स्कूटर नागस्वरमवाल्यांच्या व्हॅनला आडवी आली आहे. ते स्कूटर हलवायला गेले. भटजी तमिळ, त्यांना वैरणही ठाऊक नाही आणि तूपही. राहुकाळ लागायच्या आत उरकायचं म्हणून त्यांनी विड्याचं तबक जो म्हातारा जवळ दिसला त्याच्या पुढ्यात धरलं. हनुमंतराव परत आले तेव्हा कृष्णमूर्तिरावांचा गाल फुगलेला होता. दिलेला विडा परत घेता येतो. चावलेल्याला इलाज नाही.

"चावलास?"

"हातांत दिलं त्यानं. खिशांत घालूं कां?"

"वाट पाहायची होतीस."

"राहुकाळ लागत होता रे, हनुमंता."

"राहुकाळ हत्तीला लागत नाहीं," हनुमंतराव म्हणाले आणि न जेवता घरी आले.

त्या दोघांमधलं हे शेवटचं वाक्य ठरेल असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं. वाटलं असतं तर हनुमंतरावांनी जरा बरं वाक्य निवडलं असतं.

आता अबोला म्हणजे नुसतं न बोलणं नव्हे. ते गाढवालाही जमतं. अबोल्याला रीत असते. समोरच्याला काही कळवायचंच झालं तर खांबाला सांगावं. लेकी बोले सुने लागे, तसं. दोन्ही घरांना रस्त्यालगत तिण्णै होती, म्हणजे आपला ओटा, आणि प्रत्येक ओट्यावर एक लाकडी खांब. कृष्णमूर्तिराव सकाळी आपल्या खांबाला खणखणीत आवाजात सांगत, "खांबा, आज नळाला पाणी येणार नाहीं म्हणतात," आणि रस्त्यापलीकडे हनुमंतराव उठून हंडे भरून ठेवत. संध्याकाळी हनुमंतराव आपल्या खांबाला म्हणत, "खांबा, कुणाचं तरी धोतर वाळत घातलंय, तें गाय खाते आहे," की समोरचं दार धाडकन उघडे. महालक्ष्मी होती तोवर खांबांना फार काम नसे. ती झाकलेली वाटी घेऊन रस्ता ओलांडी, इकडचं तिकडे सांगे, तिकडचं इकडे, आणि दोन्हीकडे म्हणे, "तुम्हां दोघांपेक्षां हत्ती बरे होते."

ती गेली तेव्हा कृष्णमूर्तिराव आले. रोज आले. सकाळी येऊन हनुमंतरावांच्या ओट्यावर बसायचे, उन्हं डोक्यावर आली की उठून जायचे. सुतकाच्या घरी 'या' म्हणत नाहीत आणि निघताना 'येतो' म्हणत नाहीत. अबोल्याला याहून सोयीची जागा नाही. दोघांनीही रीत काटेकोर पाळली, आणि ती पाळता पाळता बोलायची वेळ निघून गेली. त्यानंतर खांबही अबोल झाले. वाटी ओलांडायची थांबली, मग सांगण्यासारखं उरलं काय? पाणी येत होतं, गाय कुणाचं धोतर खात नव्हती.

आणि आता कॉफीच्या दुकानात, पितळी पेल्याडबऱ्यात कॉफी वरखाली करताना, दुकानदार सहज म्हणाला, "तुमच्या समोरचे सार् चालले ना शुक्रवारी? कोइंबतूरला, मुलाकडे. घर तिरुभुवनमच्या पट्टुवाल्यानं घेतलं. तै महिन्यात, पोंगल झाल्यावर, रेशमी साड्यांचं गोडाऊन करणार म्हणतात."

"कोण सार्?" हनुमंतरावांनी विचारलं, आणि कॉफी अर्धी टाकून उठले.

त्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच हिशेब चालू झाला. शुक्रवारनंतर या गल्लीत मराठी ऐकू येण्याची शक्यता संपणार. समोरचा बोलत नव्हता हे खरं, पण तो मराठीत बोलत नव्हता. तमिळमध्ये न बोलणारे तर रस्त्याभर पडले होते. शुक्रवारच्या आत काहीतरी बोललं पाहिजे. पण पहिला शब्द काढणार कोण? ज्याचा विडा गेला त्यानंच शब्दही टाकायचा, म्हणजे मुद्दल गेलं, वर व्याज द्या.

डोळ्यांच्या दवाखान्यात दिव्यश्री नावाची मुलगी होती. डोळे तपासायची, आणि रविवारी दुपारी एका लग्नाच्या मंडपाच्या, म्हणजे आपल्या कार्यालयाच्या, माडीवर हौशी लोकांना जुने परदेशी सिनेमे दाखवायची. ती हनुमंतरावांना म्हणाली, "अंकल, घरी बसून भिंत बघता त्यापेक्षा सिनेमा बघा. लांबचं बघितलेलं चांगलं. जपानी आहे, तलवारींचा." सिनेमाचं नावही तिनं सांगितलं, पण त्यात तिची जीभच दोनदा घसरली, म्हणून हनुमंतरावांनी लक्षात ठेवायची तसदी घेतली नाही.

मंडप तोच होता, विडा गेलेला. खाली कुणाचं तरी लग्न होऊन गेलं होतं, माडीवर जेवणाची टेबलं भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि पडदा म्हणून लावलेल्या पांढऱ्या चादरीच्या वर थर्मोकोलची दोन हृदयं तशीच राहिली होती. त्यातल्या एकावर 'सुरेंद्र' असं होतं, दुसरं तुटलं होतं. कॉलेजची पाचसहा मुलं मुंडकी उडणार या आशेनं पुढे बसली होती. हनुमंतराव मागच्या रांगेत, भिंतीशी बसले. दिवे गेल्यावर त्याच रांगेत, मधे दोन खुर्च्या सोडून, कुणीतरी येऊन बसलं. काळ्या चष्म्यातून अंधारात कोण ते कळणं शक्य नव्हतं. चंदनाच्या साबणाचा वास मात्र ओळखीचा होता.

सिनेमा काळापांढरा. एक नदी, फार खोल नाही. अलीकडच्या काठावर एक तलवारबाज पहाऱ्याला, पलीकडच्या काठावर दुसरा. दोघंही म्हातारपणाकडे झुकलेले. रोज सकाळी दोघं पाण्याशी येत, तलवार अर्धी उपसत, पुन्हा म्यानात घालत आणि उभे राहत. बराच वेळ एवढंच. पुढच्या मुलांपैकी एक उठला, मग दोन उठले. मुंडकं काही उडेना. राहिलेले परोटा खायला गेले. हनुमंतरावांना पडद्याच्या खालच्या अंगाला इंग्रजी अक्षरांच्या जागी पांढऱ्या मुंग्यांची रांग येताना आणि जाताना दिसत होती. उठावं असं त्यांना वाटलं. एवढ्यात दोन खुर्च्या सोडून कुणीतरी घसा खाकरला.

"दूत आला," आवाज पडद्याकडे पाहत म्हणाला. "म्हणतो, मालक मेले. दोन्हीकडचे. किल्ले दुसऱ्यानं घेतले. आतां पहारा नको, घरीं जा म्हणतो."

मराठी. गूळ पाण्यात विरघळावा तशी, जुनी, सावकाश. हनुमंतरावांनी मान वळवली नाही. त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. एक निवृत्त मास्तर पाट्या वाचत होता, सवयीनं, मोठ्यानं. वर्गात वाचावं तसं. त्याला कोण हरकत घेणार?

"अलीकडचा म्हणतो, मी हलीना. तो हलल्यावर मग मी. आधीं हललों तर घराण्याचा मान गेला. पलीकडचा म्हणतो, अस्कें खरं, अवघें खरं, पण मज तरी कुठें जायचं आहे?"

"शहाणा आहे," हनुमंतराव पडद्याला म्हणाले. पडद्याशी बोलायला बंदी नव्हती. खांब काय, पडदा काय.

बर्फ पडलं. दोघांच्या दाढ्या पांढऱ्या झाल्या. एकदा पलीकडच्याच्या झोपडीतून धूर निघाला नाही, तर अलीकडच्यानं रात्रीतून लाकडाचा ओंडका नदीत सोडला, असा की तो वाहत बरोबर पलीकडे लागेल. नेम चुकला असं दोघांनीही मानलं. आवाज वाचत राहिला. हनुमंतरावांना मधूनमधून हसू येत होतं, कारण जपानचे तलवारबाज त्यांच्या आजोबांसारखं बोलत होते. आणि मग तो प्रसंग आला. दोघं पाण्यात उतरले, घोट्याइतक्या, आणि समोरासमोर उभे राहिले. तलवारी पूर्ण उपसलेल्या. वारा. पाणी. कोणी हलेना.

बराच वेळ आवाजही आला नाही. मग म्हणाला, "पहिला हक्क तुझाच होता. हें मी त्याच दिवशीं जाणलों. पण मी तेव्हां चुकलों म्हटलों असतों तर तूं काय केलं असतंस? माफ केलं असतंस. तें मज सोसलं नसतं."

कोण म्हणतो ते सांगायचं आवाज विसरला होता. पलीकडचा असावा. त्याचे ओठ हलतात की नाही ते एका डोळ्यानं नीट कळत नव्हतं.

"तुझी बाइल गेली," आवाज म्हणाला. "तेव्हां मज बोलायचं होतं. शब्द तोंडांत धरून रोज आलों. तसाच गिळून घरीं गेलों. रीत नव्हती."

"रीत मोडायची होती मग," हनुमंतराव पडद्याला म्हणाले.

"तूंही मोडली नाहींस," आवाज म्हणाला. "चांगली होती ती. वाटीवर झाकण ठेवायची, तें परत मागायची नाहीं. तीन झाकणं आहेत माझ्याकडे."

पडद्यावर वारा वाहत होता. दोघं तलवारबाज तसेच मागे सरकत आपापल्या काठावर गेले.

पुढचा सिनेमा आवाजानं फारसा वाचला नाही, वाचण्यासारखं नसावं. एका सकाळी पलीकडचा पाण्याशी आला नाही. अलीकडच्यानं दुपारपर्यंत वाट पाहिली, मग पहिल्यांदा नदी ओलांडली. पलीकडचा झोपडीच्या दाराशी बसल्या बसल्या गेलेला होता. अलीकडच्यानं त्याच्या अंगावरचं बर्फ झाडलं, त्याची तलवार पुसली, त्याचा बुचडा नीट केला. आणि मग तिथेच, पलीकडच्याच्या जागी, पहाऱ्याला उभा राहिला, आपल्याच रिकाम्या काठाकडे तोंड करून. सिनेमा संपला.

दिवे लागले तेव्हा दोन खुर्च्या सोडून कुणी नव्हतं. मंडपाला दोन जिने होते. डाव्या जिन्यावर चपला वाजत होत्या, म्हणून हनुमंतराव उजव्या जिन्यानं उतरले.

गुरुवारी दवाखान्यात दिव्यश्रीनं त्यांची हनुवटी यंत्रावर ठेवली आणि विचारलं, "सिनेमा कसा वाटला, अंकल?"

"बरा. पण त्याची बायको गेलेली दाखवायला पाहिजे होती. नुसतं सांगितलं."

"कुणाची बायको?"

"त्या तलवारवाल्याची. अलीकडच्या."

"त्या सिनेमात बायकाच नाहीत, अंकल. एकही नाही. तोच तर त्याचा लौकिक."

"नाही कशी? पाण्यात उभे राहतात तेव्हा पलीकडचा म्हणतो ना. तुझी बायको गेली, मला बोलायचं होतं म्हणून. झाकणांचं पण बोलतो."

दिव्यश्रीनं यंत्रामागून डोकं काढलं. "पाण्यातल्या सीनमध्ये? तिथे कुणी काही बोलतच नाही. नुसता वारा आणि पाणी. पाटीच येत नाही खाली. मी किती वेळा बघितलाय."

हनुमंतरावांची हनुवटी यंत्रावर तशीच राहिली. पलीकडच्या बाजूनं एक लाल ठिपका त्यांच्याकडे बघत होता.

"अंकल, रडायचं नाही. सांगितलंय ना तुम्हाला?"

"ते तुमचं औषध आहे," हनुमंतराव म्हणाले.

"मी अजून घातलंच नाहीये."

घरी जाताना ते बाजारातून गेले. कावेरीकाठची कोवळी पानं घेतली, हाताला लागताच मोडतील अशी. सुपारी घेतली, हळकुंड घेतलं. पानवाल्यानं विचारलं, घरात काय कार्य? हनुमंतरावांनी सांगितलं, लग्न. कुणाचं, तर म्हणाले जुनंच आहे, राहून गेलं होतं.

शुक्रवारी सकाळी समोर पांढरी गाडी येऊन उभी राहिली. कृष्णमूर्तिरावांचा मुलगा अनंतकृष्ण पेट्या आणून मागे टाकत होता. हनुमंतराव अंघोळ करून, उपरणं घेऊन, तबक हातात धरून आपल्या दाराआड उभे होते. दार उघडायचं आणि रस्ता ओलांडायचा, एवढंच काम. रस्ता असा कितीसा रुंद? पण ऐन दाराशी त्यांना आठवण झाली, प्रवासाला निघालेल्यापुढे एकटा ब्राह्मण आडवा येणं म्हणजे मोठा अपशकुन. दोघं आले तर चालतात. त्या गल्लीत दुसरा ब्राह्मण एकच होता, आणि तोच प्रवासाला निघाला होता.

तेव्हा ते दाराआड उभे राहिले, फटीला चांगला डोळा लावून.

समोर कृष्णमूर्तिरावही हलत नव्हते. ओट्यावर खांबाला टेकून बसले होते, मांडीवर पिशवी.

"अप्पा, बसा गाडीत," अनंतकृष्ण तमिळमध्ये म्हणाला. "साडेदहाला राहुकाळ."

"शकुन यायचा आहे," कृष्णमूर्तिराव म्हणाले.

वासरासकट गाय आली. फुलवाली टोपली घेऊन गेली. एक बाई भरलेली घागर कमरेवर घेऊन गेली, इतकी भरलेली की रस्त्यावर रेघ उमटली. एवढ्या शकुनांवर माणूस काशीला जाऊन येईल. कृष्णमूर्तिराव बसलेलेच.

"आता आणखी कसला शकुन पाहिजे, अप्पा? हत्ती?"

"हो," कृष्णमूर्तिराव म्हणाले. आणि मग मराठीत, पाठीमागच्या खांबाला, रस्त्यापलीकडे नीट पोचेल अशा आवाजात: "खांबा, हत्तीचीच वाट पाहतों."

वैरणीच्या घराचं दार उघडलं.

हनुमंतराव रस्ता ओलांडताना घाईत नव्हते. मांडवातून चालावं तसे चालले. एका दुचाकीवाल्यानं हॉर्न वाजवला, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. समोरच्या ओट्यापाशी ते थांबले. तबक ठेवायचं तर खांबाच्या पायथ्याशी, आणि ओटा होता गुडघ्याइतका. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं. घराण्यानंही तेच सांगितलं होतं. हनुमंतराव वाकले.

"खांबा," ते म्हणाले, "पहिला विडा. वैरणीच्या घराकडून."

कृष्णमूर्तिरावांनी विड्याकडे पाहिलं. मग खांबाला विचारलं, "चावूं कां?"

"चाव म्हणावं. परत मागणार नाहीं."

कृष्णमूर्तिरावांनी विडा उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि त्यांचा चेहरा पडला. "खांबा," ते म्हणाले, "दात पेटींत घातलेत. पेटी तळाला आहे."

हनुमंतरावांना हसू आलं. ते दाबायला ते रस्त्याकडे बघू लागले. कृष्णमूर्तिरावांनी विडा सदऱ्याच्या खिशात घातला, वरून हातानं दाबून बघितला. मग पिशवीत हात घालून तीन स्टीलची झाकणं काढली आणि तबकात ठेवली, एकावर एक.

अनंतकृष्णाला यातलं काही कळलं नाही. त्यानं बापाला हात देऊन गाडीत बसवलं, दार लावलं, "येतो, अंकल" असं तमिळमध्ये म्हणून स्टिअरिंगशी बसला. गाडी सुरू झाली. मागची काच अर्धी खाली आली आणि तिच्यातून एक सुरकुतलेला चेहरा, दात नसलेला, बाहेर आला.

"हनुमंता," कृष्णमूर्तिराव म्हणाले. "येतों."

खांबाला नव्हे. पडद्याला नव्हे. इतक्या वर्षांनी नाव घेऊन. हनुमंतरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर शब्द जागेवर नव्हता, वापरात नसलेल्या वस्तूंसारखा मागे कुठेतरी पडला होता. तो सापडून ओठांवर येईतो गाडी भांड्यांच्या दुकानापाशी वळली होती.

"ये," हनुमंतराव म्हणाले. रस्त्यावर तेव्हा फक्त घागरीच्या पाण्याची रेघ होती, तीही वाळत आलेली.

पहिला शब्द कृष्णमूर्तिरावांचा झाला होता. म्हणजे हनुमंतराव जिंकले होते. ते झाकणं घेऊन घरी आले आणि महालक्ष्मीच्या वाट्या शोधून तीनही बसवून पाहिली. दोन बसली.

दुपारी नित्याचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग काय झालं, अप्पा? फोन करायचा की त्यांना. नंबर घेतला ना?"

"पोचल्यावर कळवायचं त्यानं. निघणाऱ्यानं कळवायचं. रीत आहे."

"ड्रॉप्स घातले?"

"घातले."

संध्याकाळी फोन आला नाही. कोइंबतूर तसं लांब, आणि तिकडे कुणीतरी बसलं असेल, राहिलेल्यानं विचारायचं ही रीत धरून. हनुमंतरावांनी आपल्या ओट्यावर बसून पाहिलं. समोरचा ओटा रिकामा, दाराला कुलूप. पट्टुवाला तै महिन्यापर्यंत येणार नव्हता.

ते उठले, पुन्हा रस्ता ओलांडला आणि समोरच्या ओट्यावर जाऊन बसले, पाठ त्या खांबाला टेकवून. लाकूड एका जागी गुळगुळीत झालं होतं, खांद्याच्या उंचीवर. इथून त्यांना आपलं घर दिसत होतं. आजवर त्यांनी ते समोरून असं बसून कधी पाहिलं नव्हतं. एक दार, एक बल्ब, एक खुर्ची, आणि खुर्चीत कुणी नाही. हे समोरचा रोज बघत होता तर.

मागच्या रस्त्यावर देवळाची घंटा वाजली. कॉफीच्या दुकानातून कुणीतरी तमिळमध्ये कुणाला तरी हाका मारत होतं. हनुमंतरावांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"खांबा," ते म्हणाले, "आज सांबारांत मीठ जास्त झालं."